अँग्री ऑन मी

(दहावी, मार्च 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला फोन करून सांगितलं, तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल. मी म्हटलं, एआयवर बोलायला आपल्या प्रत्येकाच्या घरी एक दहावीतलं पोर बसलंय, ते माझ्यापेक्षा जास्त सांगेल. मी इंग्रजीवर बोलते. सगळ्या इंग्रजीवर नाही, तिच्यातल्या अगदी चिमुकल्या शब्दांवर. ऑन, इन, ऑफ, फॉर, विथ. आपण ज्यांना प्रिपोझिशन म्हणून घोकलं, ते. आणि तेही भावनांच्या शब्दांना जोडून येणारे. कारण ऑफिसात गेली तेवीस वर्षं मी कोड लिहिते आहे, पण माझ्या हातून झालेली सगळ्यात महागडी चूक कोडमधली नव्हती. दोन अक्षरांच्या एका प्रिपोझिशनची होती. ती सांगण्यासाठीच मी उभी आहे, पण तिथं जायला आधी नववीच्या वर्गातून जावं लागेल.

आठवतंय ना? आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. आताच्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून असतं, आपल्याला मात्र पाचवीत ए बी सी डी, आणि दहावीच्या गुणपत्रिकेत ती 'तृतीय भाषा'. मराठीतही आपण सगळे एक नव्हतो. कुणाचे वडील माथाडी, घरात सातारी बोली. कुणी कोकणातलं. जुहूगावातला आपला मित्र 'मला' ऐवजी 'मना' म्हणायचा. आणि या सगळ्यांना एकाच फळ्यावर एकच इंग्रजी शिकवायची जबाबदारी आमच्या बाईंवर. बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे जपून बोलते.

नववीत पत्रलेखन होतं. मैत्रिणीला पत्र लिहा, घरची हकीकत कळवा. आता आमच्या घरी त्या आठवड्यात खरोखरच हकीकत घडली होती. वाशीला लोकल येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. 9 मे 1992 ला मानखुर्द ते वाशी गाडी सुरू झाली, सहावीची परीक्षा देऊन आपण सुट्टीत होतो, आणि निम्मा वर्ग नुसता खाडीपूल बघायला गाडीत बसून आला होता. तर नववीत आम्ही तिघी घरी न सांगता लोकलनं कुर्ल्याला गेलो. परत यायला अंधार झाला. माझे बाबा मार्केटात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर हिशेब लिहायचे. ते स्टेशनच्या जिन्यात उभे होते. काही बोलले नाहीत. पुढचे चार दिवस बोलले नाहीत.

हे सगळं मी त्या पत्रात लिहिलं. मला वाटत होतं, आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजीत काहीतरी खरं लिहिलंय. पहिलं वाक्य होतं, 'माय फादर इज अँग्री ऑन मी'.

बाईंनी ते नाव न घेता वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे बाबा हिच्या वर चढून बसलेत?" वर्ग खो खो हसला. तो आवाज कुणाचा होता हे आजच्या सूत्रसंचालकांना विचारा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं: माणूस असेल तर अँग्री विथ, वस्तू असेल तर अँग्री ॲट, गोष्ट असेल तर अँग्री अबाउट. आणि मला ते वाक्य 'विथ' घालून पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं. त्या पन्नास ओळी लिहिताना माझ्या डोक्यात एकच होतं: बाबा चार दिवस बोललेले नाहीत, हे कुणाला दिसलंच नाही. सगळ्यांना 'ऑन' दिसला.

त्या दिवशी एक खूणगाठ बांधली. पुन्हा कधी इंग्रजीवरून हसू करून घ्यायचं नाही. ही खूणगाठ लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, गुण नाहीत.

'ऑन' माझ्या डोक्यात आला कुठून? मराठीतून. आपण म्हणतो, बाबा माझ्यावर रागावले. 'वर' म्हणजे ऑन. यात मूर्खपणा कसला? उलट मी मराठीचं व्याकरण प्रामाणिकपणे पाळत होते. मराठीत माणसावर काय काय ठेवतात बघा. राग त्याच्यावर, प्रेम त्याच्यावर, विश्वास त्याच्यावर, संशयही त्याच्यावरच. उपकार, आरोप, जीव, सगळं वर. मग भीती? भीती त्याची. हेवा त्याचा. अभिमान त्याचा. कंटाळलो मात्र त्याला. आणि लग्न त्याच्याशी, म्हणून आपल्याकडे 'मॅरिड विथ' इतकं पिकतं. स, ला, ते. ने, ए, शी. सकाळच्या तासाला आपण जे एका सुरात ओरडायचो, तेच प्रत्यय मोठेपणी वेष बदलून इंग्रजीत येतात.

आणि आपण एकटे नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या टीममध्ये एक लखनौचा होता, एक चेन्नईची, एक हैदराबादचा. एकदा चहाच्या वेळी लक्षात आलं की चौघंही 'अँग्री ऑन मी' म्हणतो. हिंदीत 'मुझ पर गुस्सा'. तमिळमध्ये कोप 'मेल', म्हणजे वर. तेलुगूत 'मीद', म्हणजे वर. कन्नडवाल्यांना विचारलं, ते म्हणाले आमच्यात 'मेले', तेही वरच. उत्तर असो की दक्षिण, निम्मा भारत माणसाच्या वर राग ठेवतो आणि इंग्रज तेवढा माणसाबरोबर. मला फार बरं वाटलं. वर्गाला उत्तर द्यायला मात्र दहा वर्षं उशीर झाला होता.

बाई, तुमचा नियम नंतर मी शोधून काढला. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या 1755 च्या इंग्रजी कोशात 'अँग्री' या शब्दापाशी हेच नोंदवलं आहे: वस्तू असेल तर ॲट, माणूस असेल तर विथ. म्हणजे वाशीच्या फळ्यावर आलं तेव्हा त्या नियमाचं वय जवळपास 240 वर्षं होतं. पण जॉन्सननी त्याला एक शेपूट जोडलंय, की हे नेहमीच पाळलं जातं असं नाही. ते शेपूट तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. अमेरिकेतली माझ्या क्लायंटची माणसं सर्रास 'अँग्री ॲट यू' म्हणतात. 'बोअर्ड विथ' बरोबर असं आपण शिकलो, आणि आता तिकडची तरुण मुलं 'बोअर्ड ऑफ' म्हणतात नि त्यांचे मास्तर कपाळाला हात लावतात. ज्यांची भाषा आहे तेही घसरतात.

मग आता म्हणाल, कशाला हे सगळं, बोला कसंही. अगदी तसंही नाही. आणि इथं मला माझा धंदा मध्ये आणावा लागेल.

प्रोग्रॅममध्ये चुका दोन जातींच्या असतात. एक, तुम्ही कंस बंद करायला विसरलात. कॉम्प्युटर लगेच बोंब मारतो, या ओळीवर चूक आहे, मी पुढे जाणार नाही. लाज वाटते, पण नुकसान शून्य. दोन मिनिटांत दुरुस्त. दुसरी जात भयंकर. कंस बरोबर, स्पेलिंग बरोबर, प्रोग्रॅम सुरळीत चालतो, फक्त भलतंच काहीतरी करतो. बेरजेऐवजी वजाबाकी. कुणी बोंब मारत नाही. सहा महिन्यांनी कुणाच्या तरी पगारातून पैसे कापले जातात तेव्हा कळतं.

'अँग्री ऑन मी' ही पहिल्या जातीची चूक. ऐकणाऱ्याला कळतं की ही इंग्रजी चुकली आहे, आणि काय म्हणायचंय तेही कळतं. फार तर हसतो. शाळेत आपल्याला हिची भीती घातली गेली. दुसऱ्या जातीची चूक कुणी दाखवलीच नाही, कारण ती तांबड्या शाईत येत नाही. वाक्य व्याकरणानं शुद्ध असतं. फक्त ते आपलं नसतं, दुसऱ्याच कुणाचं तरी असतं.

आमच्या ऑफिसातली उदाहरणं देते. एका सहकाऱ्याच्या वडिलांना अचानक हॉस्पिटलात हलवलं. त्यानं रजेच्या मेलमध्ये लिहिलं, 'आय ॲम अफ्रेड ऑफ माय फादर'. त्याला म्हणायचं होतं, वडिलांची काळजी वाटते. लिहिलं गेलं, मला वडिलांची भीती वाटते. 'फॉर' हवा होता. वडील बरे झाले, आता तो स्वतःच ही गोष्ट हसत सांगतो. एका नवीन मुलीनं सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं, 'आय ॲम टायर्ड ऑफ धिस वर्क'. बिचारी शनिवार-रविवार काम करून दमली होती. दमली म्हणजे टायर्ड फ्रॉम. टायर्ड ऑफ म्हणजे कंटाळली. साहेबानं मीटिंगनंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, राजीनाम्याचा विचार आहे का. 'कन्सर्न्ड विथ' म्हणजे संबंध असणं, 'कन्सर्न्ड अबाउट' म्हणजे चिंता असणं. क्लायंटची चिंता आमच्या एका कागदात नुसता संबंध होऊन महिनाभर पडून राहिली. आणि कुणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला तर 'सॉरी फॉर यू' लिहू नका. ते सांत्वन राहत नाही, कीव होते. 'सॉरी फॉर युअर लॉस' मात्र चालतं. म्हणजे तोच 'फॉर' पुढे माणूस आला की खाली बघतो, आणि पुढे दुःख आलं की हात धरतो. याला नियम विचारू नका, मला सापडलेला नाही.

पण एक गंमत सापडली. वरची सगळी उदाहरणं मराठीत ठेवून बघा. भीती आणि काळजी. कंटाळणं आणि दमणं. कीव आणि वाईट वाटणं. आपल्याकडे भावना बदलली की शब्दच बदलतो. इंग्रजीत मोठा शब्द तोच राहतो आणि सगळी कामगिरी त्या चिमुकल्या शब्दावर येते. आपण मोठा शब्द घोकून पाठ करतो आणि चिमुकला 'त्यात काय' म्हणून अंदाजानं टाकतो. म्हणून मी माझ्या टीमला आता एवढंच सांगते, की लिहिण्याआधी मनात मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा, तुमच्या जी असेल त्या भाषेत म्हणा. नेमकं काय वाटतंय? भीती की काळजी? ते ठरलं की मग डिक्शनरी उघडा. आधी डिक्शनरी उघडली तर ती पाच प्रिपोझिशन समोर ठेवते आणि आपण पहिलं उचलतो.

हे उलटंही घडतं. माझी मुलगी अकरा वर्षांची, इंग्रजी माध्यमात. तिला घरी मराठी येतं, चांगलं येतं असा माझा समज होता. मागच्या वर्षी आजी तिला मोबाइलवरून रागावली. मुलगी फोनवर तिच्या बाबाला सांगत होती, "आजीला माझा राग येतो." आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिनं ऐकलं. त्या दिवशी ती जेवलीच नाही धड. मला रात्री म्हणाली, "मला हिचा राग येतो असं हिला वाटतं का गं?"

आता बघा. आजी मला रागावली, म्हणजे ओरडली, संपलं. आजी माझ्यावर रागावली, म्हणजे थोडा वेळ रुसवा. आजीला माझा राग येतो, म्हणजे मी तिला आवडतच नाही. ला, वर, चा. आपण हे कधी शिकलो? कुणीच शिकवलं नाही. स्मरणिका वाचणाऱ्या एखाद्या इंग्रजाला हा फरक समजावून सांगायला मला अख्खा तास लागेल. मुलीचं वाक्य शुद्ध होतं, एकही मराठीच्या बाई त्यावर तांबडी रेघ मारणार नाहीत. आणि त्यानं एक म्हातारी दिवसभर उपाशी राहिली. मुलीला बोलावून आजीसमोर वाक्य दुरुस्त करून घेतलं. ते सोपं होतं, दोघी एका घरात होत्या.

माझं तसं झालं नाही.

2013 ची गोष्ट. मी महापेच्या एका ऑफिसात टीम लीड होते. टीममध्ये परभणीकडचा एक मुलगा होता, पहिलीच नोकरी, हुशार, बुजरा, डेटाबेसच्या कामात हात चांगला बसलेला. मराठी माध्यमाचा, आपल्यासारखाच. एका शुक्रवारी रात्री अमेरिकेतल्या क्लायंटकडे नवीन आवृत्ती चढवायची होती. त्याची एक स्क्रिप्ट चुकीच्या ठिकाणी चालली आणि क्लायंटचे दोन दिवसांचे रिपोर्ट चुकीचे आले. रविवारी आम्ही सगळं निस्तरलं. पैसे कुणाचे बुडाले नाहीत. पण एक मेल तर लिहायलाच हवा होता, क्लायंटच्या मॅनेजरला आणि आमच्या साहेबांना प्रत ठेवून.

माझ्या मनात मराठीत काय होतं ते मला आजही आठवतं. 'जे झालं त्यानं वाईट वाटलं, पुढच्या वेळी जपून रे बाबा.' एवढंच. ते मला साहेबी भाषेत लिहायचं होतं. 'डिसअपॉइंटेड' शब्द निवडला. पुढे काय लावायचं? नववीच्या वर्गापासून मी भावनांच्या शब्दापुढे 'ऑन' लिहीत नाही, त्यामुळे डिक्शनरी उघडली. तिथं इन, विथ, बाय, अबाउट असे सगळे ओळीनं उभे. मी पहिला उचलला. लिहिलं, 'आय ॲम डिसअपॉइंटेड इन यू'. पाठवलं. व्याकरण अगदी शुद्ध म्हणून मला थोडा अभिमानही वाटला असेल.

त्या मुलानं मेल वाचला, माझ्या टेबलाशी आला, "सॉरी मॅडम, परत नाही होणार" म्हणाला. त्यानं ते मराठीतच वाचलं होतं, मॅडम थोड्या नाराज आहेत असं. मी मराठीत लिहिलं, त्यानं मराठीत वाचलं, मधलं इंग्रजी नुसतं पाकीट. आमच्या दोघांत गैरसमज झालाच नाही. तिसरा वाचणारा मात्र मराठी नव्हता.

सोमवारी संध्याकाळच्या कॉलवर क्लायंटचे मॅनेजर म्हणाले की तुमचा मेल वाचला, तुमचाच जर त्याच्यावरचा विश्वास उडाला असेल तर आम्हाला तो आमच्या कामावर नको. मी गोंधळले. विश्वास उडाला असं मी कुठं म्हटलं? मग ते माझंच वाक्य पुन्हा म्हणाले, 'डिसअपॉइंटेड इन हिम', आणि 'इन' वर त्यांचा आवाज किंचित जड झाला. तेव्हा मला कळलं. डिसअपॉइंटेड विथ धिस म्हणजे जे घडलं त्याबद्दल निराशा. डिसअपॉइंटेड इन यू म्हणजे माणूस म्हणून तू माझ्या मनातून उतरलास. आपले आई-वडील आयुष्यात एखाद्याच वेळी जे म्हणतात, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, ते. मी ते एका स्क्रिप्टसाठी, तेवीस वर्षांच्या मुलाला, सगळ्यांसमोर लिहिलं होतं.

आता इथं एक वाक्य बोलायचं होतं. 'साहेब, माझं इंग्रजी चुकलं, मला तसं म्हणायचं नव्हतं.' बस. कॉलवर आठ माणसं होती. आमचे साहेब होते. मी त्या वर्षी बढतीच्या यादीत होते. आणि मी गप्प बसले. खरं सांगायचं तर बढतीपेक्षाही ते दुसरंच होतं. माझ्या कानात मागच्या बाकावरचं हसू वाजत होतं. पुन्हा हसू करून घ्यायचं नाही, ही जी खूणगाठ बांधली होती, ती नेमकी त्या क्षणी इतकी घट्ट निघाली की तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, 'ओके, वुई विल मेक द चेंज'. हे वाक्यही शुद्धच होतं.

मुलाला प्रोजेक्टवरून काढलं. तीन महिने तो बेंचवर बसला, म्हणजे काम नसताना रोज येऊन खुर्चीत बसायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे ते काय असतं. मग तो नोकरी सोडून पुण्याला गेला. जाताना पेढे घेऊन आला होता. मला वाकून नमस्कार केला त्यानं. मी त्याला काहीही सांगितलं नाही.

या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मी प्रिपोझिशनवर काहीतरी गमतीचं बोलायचं ठरवलं होतं. अँग्री ऑन, मॅरिड विथ, तुम्ही हसला असतात, जेवायला गेलो असतो. टिपणं काढायला बसले आणि ते 'इन' मध्ये येऊन उभं राहिलं. तीन आठवड्यांपूर्वी मी त्याला फोन लावला. बारा वर्षांनी. तो आता हिंजवडीत चांगल्या पदावर आहे, दोन मुलं आहेत. मी सगळं सांगितलं. मेल, कॉल, आठ माणसं, माझं गप्प बसणं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, मला वाटलं होतं की माझं कामच तेवढं खराब होतं. मी त्यानंतर डेटाबेसला हात लावला नाही. पुण्यात आल्यावर मुद्दाम टेस्टिंगकडे गेलो."

मी माफी मागितली. मराठीत. तो "जाऊ द्या हो मॅडम" म्हणाला, आपली माणसं म्हणतात तसं, पण त्या 'जाऊ द्या' मध्ये ते गेलेलं नव्हतं, हे मला ऐकू आलं. मग थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "मग बरोबर काय लिहायला पाहिजे होतं?" मी म्हटलं, 'इन यू' च्या जागी 'विथ द वे इट वेंट' लिहायचं, म्हणजे जे घडलं त्याच्याशी बोट राहिलं असतं, तुझ्याकडे नाही. तो म्हणाला, "थांबा, लिहून घेतो. माझ्याकडे आता नऊ मुलं आहेत टीममध्ये. मीही हेच लिहितो बहुतेक." आणि खरोखर लिहून घेतलं त्यानं, मला पेनाचा आवाज आला. शेवटी म्हणाला, "पण मॅडम, मी तर तुमच्यापासून चार खुर्च्या सोडून बसायचो. मेल कशाला?"

याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आजही नाही.

बाबा गेल्या वर्षापासून फारसे बाहेर पडत नाहीत. परवा मी त्यांना विचारलं, ते कुर्ल्याचं प्रकरण आठवतं का? स्टेशनवर उभे होता, चार दिवस माझ्यावर रागावला होता? ते म्हणाले, "रागावलो कुठं? घाबरलो होतो." म्हणजे त्या पत्रात 'ऑन' ही चूक होती, 'विथ' ही चूक होती, आणि 'अँग्री' हीसुद्धा चूकच होती. अफ्रेड फॉर मी. पण हे ना मला दिसलं, ना बाईंना, ना मागच्या बाकाला.

बाई, तुमच्यावर माझा राग नाही. तुमचाही राग कधी आला नाही. दोन्ही वेगवेगळं आहे हे तुम्हाला सांगायला नको. फक्त एक कबुली राहिली आहे. त्या पन्नास ओळी पन्नास नव्हत्या. अडतीस होत्या. मी मध्ये मोठं अक्षर काढून पान भरलं होतं, आणि तुम्ही मोजलं नाहीत.